विचाईसाहेबांचा नवस

"नो प्रॉब्लेम," विचाई म्हणाला आणि गोड हसला. ते हसू बघून मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय.

आमच्या नव्या ड्रायरची ट्रायल होती आणि ड्रायर काही सुरू होत नव्हता. सुरू होत नव्हता म्हणजे विचाई तो सुरू करू देत नव्हता. आधी ब्लोअरच्या बेअरिंगचा आवाज त्याला आवडला नाही. बेअरिंग बदललं. मग जाळी पुन्हा धुवायला सांगितली. जाळी धुतली, तर म्हणाला हवा दमट आहे. अरे बाबा, भाद्रपदात रोह्याची हवा दमट नसणार तर कशी असणार?

मी रोह्याच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात मेन्टेनन्स बघतो. घर पेणला. ड्रायर थायलंडच्या कंपनीचा. फ्लुइड बेड ड्रायर हे नाव मोठं, काम सोपं. ओली पावडर जाळीवर पसरायची आणि खालून गरम हवा इतक्या जोरात सोडायची की पावडर उकळत्या आमटीसारखी वर-खाली होते आणि तशीच सुकते. असं नवं मशीन ज्याने बनवलं त्यानेच पहिल्यांदा चालवून "ठीक आहे" म्हणायचं, याला कमिशनिंग म्हणतात. विचाईने ते म्हटल्याशिवाय आम्हाला बटणाला हात लावता येत नव्हता.

थायलंडहून तिघं आले होते. विचाई मुख्य, पन्नाशीचा. एक इलेक्ट्रिशियन. आणि नोक नावाची इंजिनियर, तिघांत चांगलं इंग्रजी बोलणारी ती एकटीच. या लोकांशी बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण ड्रायर बनत होता तेव्हा मी त्यांच्या कारखान्यात काही महिने राहून आलो होतो.

तिथे मी फार चिडायचो. माणसं लाघवी, पण "नाही" हा शब्द तोंडातून निघायचा नाही. पार्ट उद्या मिळेल का? हो. उद्या पार्ट नाही, फक्त हसू. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून ते नकारसुद्धा हसून गिळतात, हे कळायला मला वेळ लागला. पुढे पुढे मला हसण्यातला फरक ओळखता यायला लागला. खुशीचं हसू डोळ्यांत दिसतं. दुसरं नुसतं ओठांवर असतं. विचाईचं आजचं हसू ओठांवरचं होतं.

तसा तो इथे रमला होता. पहिला आठवडा तिघांचे हाल झाले. गेस्ट हाउसचं जेवण त्यांना मिळमिळीत लागायचं, आणि आमच्या आचाऱ्याला वाटायचं की परदेशी पाहुणे, तिखट कमीच बरं. मग मी पेणच्या बाजारातून सुकट नेली. नोकने ती लाल मिरचीत परतली, विचाई दोनदा भात मागून जेवला, आणि आचारी मला म्हणाला, "साहेब, ही तर आपलीच माणसं हायत!"

एका रविवारी मी विचाईला पेणजवळच्या हमरापूरला, गणपतीच्या मूर्ती बनवणाऱ्या गावी नेलं. थायलंडमध्ये गणपतीला फार मानतात. नाच, चित्र, संगीत, सगळ्याचा देव तो. तिथल्या कारखान्याच्या दारातही उंच चौथऱ्यावर गणपती होता आणि त्याच्यापुढे रोज लाल सरबताची बाटली उघडून ठेवायचे. विचाई हमरापूरला एका कारखान्यात शिरला, हात जोडून पहिल्या मूर्तीला वाकला. मग दुसऱ्या. मग त्याची नजर आत गेली. जमिनीपासून छपरापर्यंत गणपतीच गणपती. खाली बसून बाया रंग देतायत, गणपती मांडीवर, गणपती पायांपाशी. तिकडे देव नेहमी डोक्याच्या वर ठेवतात. बिचारा वाकायचा थांबला आणि घामाघूम होऊन दारातच उभा राहिला. आम्ही लहानपणापासून हे बघतो म्हणून आम्हाला काही वाटत नाही. कारखान्याच्या मालकीण मंदाताई. त्यांनी त्याला पाणी दिलं. विचाईने शाडूची वीतभर मूर्ती निवडली आणि येताना गाडीत ती दोन्ही हातांनी धरून बसला.

ती त्याने ड्रायरच्या कंट्रोल पॅनेलवर, सगळ्यांच्या डोक्यांच्या वर ठेवली. समोर लाल सरबत. चतुर्थीला आमच्या पोरांना चेव आला. शिफ्ट इन्चार्ज सुनील म्हात्रेने गुरुजी आणले, रीतसर पूजा झाली, आरतीचं ताट विचाईच्या हातात दिलं. त्याचे डोळे भरून आले होते. मी माझ्या पाच दिवसांच्या गणपतीसाठी रजा टाकून पेणला गेलो. परत आलो तो हा असा दिवस.

प्लांट हेड नाईकसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"ठाकूर, गुरुवारी कस्टमर येतोय. त्याला चालू ड्रायर दाखवायचाय. हा माणूस काय म्हणतो?"

"नो प्रॉब्लेम म्हणतो."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

"तोच शोधतोय, साहेब."

प्लांटवर परत आलो आणि पहिल्यांदा पॅनेलच्या वर बघितलं. सरबताची बाटली होती. गणपती नव्हता.

"म्हात्रे, गणपती कुठं गेला?"

"विसर्जन केला ना सर, पाचव्या दिवशी," म्हात्रे खुशीत म्हणाला. "थाई साहेब तवा अलिबागला फिरायला गेलेले. सांजवेळपर्यंत वाट बघितली. म्हटलं, दमून येतील, त्यांना कशाला तरास? आम्हीच वाजतगाजत नेला कुंडलिकेवर. एकदम मस्त झालं. व्हिडिओ पण हाय."

"विचाईला सांगितलंस?"

"सांगितलं काय, दाखवला! पूर्ण बघितला त्यांनी. हात जोडले, हसले. जाम खूश झाले, सर."

म्हात्रेची काही चूक नव्हती. पाहुण्याचा गणपती त्याने घरच्यासारखा पोचवला होता. पण बसवलेला गणपती उठवावाही लागतो, हे विचाईला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं सुचणार तरी कुणाला? आणि विचाईने काय बघितलं? त्याचा देव चार माणसांनी नाचत नाचत नदीत नेला आणि बुडवला. वर ते शूटिंग त्यालाच हौसेने दाखवलं.

मी नोकला कँटीनमध्ये गाठलं. आधी तीही हसली. मी म्हटलं, "नोक, मी तुमच्याकडे राहिलोय. हे हसू मला माहीत आहे." मग ती चमच्याशी खेळत बोलली.

विचाईने त्या गणपतीला नवस केला होता. मुलगी नाच शिकते. आजारपणामुळे वर्षभर घरी बसली, आता कुठे पुन्हा उभी राहतेय. ट्रायल नीट झाली तर गणपतीला घरी नेईन आणि मुलगी त्याच्यासमोर नाचेल, असं तो बोलला होता. मुलीलाही कळवलं होतं. ती रोज थोडा थोडा सराव करत होती.

"आता ट्रायल यशस्वी झाली तर नवस फेडावा लागणार," नोक म्हणाली. "पण कुणासमोर? देव तर नदीत. न फेडलेला नवस मुलीला बाधेल, अशी त्यांना भीती वाटते."

म्हणजे मशीन बिघडेल अशी भीती नव्हतीच. ते चालेल अशी भीती होती! तीस वर्षं मशीनं दुरुस्त करतोय, असला फॉल्ट कधी बघितला नव्हता. हसू आलं, आणि लगेच त्या बापाचं फार वाईट वाटलं.

संध्याकाळी गाडी काढली. विचाई, नोक, मी आणि म्हात्रे. म्हात्रेला वाटेत सगळं सांगितलं. तो पेण येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसला. मग म्हणाला, "सर, मला नदीत सोडायला पायजे."

हमरापूरला मंदाताईंच्या कारखान्यात आता गर्दी नव्हती. माघी गणपतीच्या ऑर्डरी चालू होत्या. मी त्यांना हकिगत सांगितली. त्यांनी कपाळावर हात मारला आणि थेट विचाईकडे वळल्या. "अवो, त्याला पाठवला नाय तर पुढच्या वर्षाला येयाचा कसा?"

नोकने ते थाईत सांगितलं. विचाई विचारात पडला. मग त्याने हळूच विचारलं, "पुढच्या वर्षी येतो तो वेगळा असतो ना?"

"वेगळा?" मंदाताईंना प्रश्नच समजला नाही. "वेगळा कोन येनार? तोच येतो. दर साली तोच."

विचाई मागच्या फळीकडे वळला. फळीवर कच्च्या मूर्ती सुकत होत्या. रंग नाही, डोळे नाहीत. तो एका मूर्तीसमोर थांबला आणि नोकशी भराभरा बोलायला लागला. नोकने विचारलं, "डोळे कधी काढतात?"

"सगळ्यात शेवटी," मी म्हटलं. "त्याला आखणी म्हणतात. डोळे झाल्यावर पूजा, पूजेनंतर तो देव. तोवर माती."

नोकने सांगितल्यावर विचाईने दोन्ही हात वर केले. त्यांच्याकडेही तसंच असतं म्हणे. डोळे उघडायचा विधी शेवटी, त्यानंतरच देव येतो.

"मग ही माती मी नेतो," तो म्हणाला. "डोळे माझी मुलगी काढेल. आमच्या घरी तो येईल आणि तिथे राहील. चालेल?"

हे त्याने मंदाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "व्हय, चालेल की. तुमच्या घरी तुमची रीत." आणि आत जाऊन पेंढा आणि खोका घेऊन आल्या. मूर्ती बांधायचं काम म्हात्रेने कुणाला करू दिलं नाही. विचाई त्याच्याकडे बघत होता, आणि हसला. या वेळी डोळ्यांतून.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बेअरिंगचा आवाज ऐकला आणि म्हणाला, उत्तम आहे. हवा दमट होती तशीच होती. ड्रायर सुरू झाला, काचेतून पावडर वर-खाली होताना दिसली, आणि गुरुवारी कस्टमर बघून गेला. नाईकसाहेबांनी विचारलं, "शेवटी फॉल्ट काय निघाला?" मी म्हटलं, "कम्युनिकेशनचा." ते म्हणाले, "केबल बदलली ना?" मी हो म्हटलं आणि हसलो. एवढं मीही थाई लोकांकडून शिकलो होतो.

दिवाळीनंतर विचाईचा व्हिडिओ आला. आम्ही तो कँटीनमध्ये बघितला. त्याच्या घरातला उंच पाट, त्यावर आमचा हमरापूरचा गणपती, समोर लाल सरबत. डोळे जरा मोठे आणि लांबट, तिकडच्या वळणाचे, पण बघत होता आपल्याकडेच. त्याच्यापुढे एक बारीक मुलगी सावकाश नाचत होती. मध्येच ती दम घ्यायला थांबली, आणि बाजूला विचाईचा हात आधाराला पुढे आलेला दिसला. तिने तो धरला नाही. पुन्हा नाचायला लागली.

म्हात्रेने शेवटपर्यंत बघितलं आणि मोबाइलला हात जोडले. मग हळूच म्हणाला, "सर, डोळं काढलं म्हंजे आला की तो. आता विसर्जन कवा?"

"म्हात्रे," मी म्हटलं, "तू तिकडे काही कळवू नकोस."

तेव्हापासून बाहेरून कुणी प्लांटवर आलं की सेफ्टी ट्रेनिंगमध्ये मी हेल्मेट, बूट आणि आगीच्या वेळी बाहेर पडायचा रस्ता सांगतो. भाद्रपद जवळ आला असेल तर विसर्जनही सांगून टाकतो.