पाहुण्यांसाठी गार हवा

परवा बऱ्याच दिवसांनी गाडीचा एसी लावला, तेव्हा जाळीतून दमट, धुळकट वास आला आणि नंदुरबारच्या गुलाब मिस्त्रीचं गॅरेज आठवलं.

मामा तिथून जवळच्या प्रकाशा गावच्या शाळेत मुख्याध्यापक. समारंभाच्या प्रमुख पाहुण्यांना स्टेशनवरून एसी गाडीतून आणणार, असं त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं. पाहुण्यांची रेल्वे तीन तासांवर आली होती आणि तीनदा गॅस भरूनही गाडी गरम वारा फेकत होती.

“गुरुजी, गाडी शे का सिलिंडर?” मिस्त्री म्हणाला. “गॅस भरपूर शे. वॉल जाम व्हयी गया.”

त्याने आधीचा गॅस काढून घेतला, गॅसची वाट अडवून बसलेला काडेपेटीएवढा एक्सपान्शन वॉल्व्ह काढून नवा बसवला, पुन्हा गॅस भरला आणि म्हणाला, “आते देखा!”

मामांनी जाळीसमोर तळहात धरला. त्यांचा चेहरा असा फुलला, जणू हिमालय त्यांनीच आणवला होता. तेव्हा मला तो निव्वळ बडेजाव वाटला. आता वाटतं, शब्द खरा ठरल्याचा तो आनंद होता.

पाहुणे गाडीत बसले आणि लगेच म्हणाले, “काचा उघडा हो, एसीनं माझे सांधे धरतात.”

मामांनी चारही काचा खाली केल्या. एसी मात्र प्रकाशापर्यंत चालूच ठेवला.