प्राजक्ताला सांगितलेला नियम

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय, तेही नीट माहीत नाही — तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच बहुतेक.

टोकियोतल्या निशी-कसाई भागात मी घरातून डबे देते. पुण्या-मुंबईहून आलेले एकटे इंजिनीअर, त्यांना पोळी-भाजी लागते. प्राजक्ता आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहायची. तिचा नवरा आणि माझा नवरा एकाच ऑफिसात, एकाच प्रोजेक्टवर. पण माझा जपानी कंपनीच्या पगारावर आणि तिचा पुण्याच्या कंपनीने पाठवलेला, म्हणजे जवळपास निम्म्यावर. हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. विषय मात्र कधी काढला नाही.

ती आधी नुसती गप्पा मारायला यायची. मग पोळ्या लाटू लागली. मग रोजच. तिच्या पोळ्या माझ्यापेक्षा मऊ, त्यामुळे गिऱ्हाईकं वाढली. मी तिला काय दिलं? दिवाळीला साडी, उरलेली भाजी, आणि वर 'अगं, तू काय परकी आहेस का?' प्रेमाने म्हणायचे हो मी ते. लेक जपानीत उत्तरं देते, नवरा उशिरा येतो — दिवसभर मराठी बोलायला मला तीच तर होती.

पण हे सगळं मी पुढचं टाळायला सांगतेय का?

तर — तिच्या वडिलांना सांगलीत अर्धांगवायूचा झटका आला. नवरा म्हणाला, तिकिटाचं पुढच्या महिन्यात बघू. पोळी लाटता लाटता, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ताई, मला ह्या कामाचे काही मिळतील का?"

मी म्हणाले, "अगं, आपल्या व्हिसावर पैसे घेऊन काम करता येत नाही. कळलं तर परत पाठवतील. तुझ्या नवऱ्यालाही."

खोटं होतं ते. अर्ज केला की परवानगी मिळते. मी स्वतः काढली होती. हातात पैसे आले की ती यायची बंद होईल, मी एकटी पडेन, म्हणून बोलले — असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. तेही खोटंच. माझे पैसे वाचत होते.

ती इतकी घाबरली की माझ्याकडे येताना जिन्यात कुणी दिसलं तर परत फिरायची. वडील गेले. अंत्यसंस्कार तिने फोनवर पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सुजलेल्या डोळ्यांनी पोळ्या लाटायला आली. मी तिला घरी पाठवलं नाही. त्या दिवशी डबे जास्त होते.

आता ती दोघं नागोयाला असतात. परवा तिचा फोन आला. तिथे नवीन आलेल्या एका मुलीला कुणीतरी स्वयंपाकाचं काम देऊ केलं होतं, चांगले पैसे देऊन. प्राजक्ताने तिला अडवलं.

"म्हटलं, बाई, ह्या फंदात पडू नकोस. आमच्या ताईंनी वेळेवर सांगितलं म्हणून मी वाचले."

 मी म्हणाले, "बरं केलंस."