खिशातला फ्यूज

आमच्या घरात देव्हारा नव्हता. त्या जागी बाबांच्या पत्रकांचे गठ्ठे असत, भगत, मांत्रिक, अंगात येणं या सगळ्यांच्या विरोधातले. ती पत्रकं पनवेलच्या एसटी स्टँडवर वाटत मी मोठा झालो. आजही असल्या गोष्टी मी मानत नाही. म्हणूनच न उलगडलेल्या अनुभवांच्या या सदरासाठी लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहितोय.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. माझा थोरला भाऊ, विनूदादा, तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात वायरमन होता. आम्हा दोघांना एकच नाद – हाय व्होल्टेज कॉइल. पीव्हीसी पाइपवर केसासारखी बारीक तांब्याची तार, हजारभर वेढे, सगळे हाताने. बिअरच्या बाटल्यांत मिठाचं पाणी भरून केलेला, वीज साठवणारा कपॅसिटर. भंगारातून आणलेला निऑन बोर्डाचा ट्रान्सफॉर्मर. कॉइल चालू झाली की वरच्या गोळ्यातून वीतभर जांभळी ठिणगी निघायची आणि चार फुटांवर हातात धरलेली उडालेली ट्यूब वायरशिवाय पेटायची.

दादाचा नियम एकच. कॉइलला हात लावण्याआधी बोर्डावरचा चिनीमातीचा फ्यूज काढायचा आणि स्वतःच्या खिशात टाकायचा. "बोर्डाजवळ ठेवलास तर कुणीतरी शहाणा परत लावेल," तो म्हणायचा.

त्याच दादाला कारखान्यात शॉक लागला. जागेवरच गेला. रिपोर्टात लिहिलं – कामगाराने फ्यूज न काढता काम केले. लिहिणारे शिफ्ट इंजिनिअर प्रधानसाहेब. दादाचे कपडे घरी आले तेव्हा खिसा रिकामा होता.

वहिनी पनवेलजवळच्या नेरे गावाकडची. ती एवढंच म्हणाली, "भावजी, ते इसरनारे नवते. रिपोर्टातलं तेवडं एक वाक्य पुसून टाका. मना बाकी काय नको."

कारखान्याच्या गेटवरून मला तीनदा हाकललं. पत्रक काढायला गेलो तर छापखान्याच्या मालकाने पुरावा मागितला. पुरावा कुठून आणू?

वर्षभराने शाळेच्या हॉलमध्ये आमच्या अंधश्रद्धाविरोधी मंडळाने 'चमत्कारामागचं विज्ञान' हा कार्यक्रम ठेवला. रविवार, सकाळचे अकरा. पाहुणे म्हणून हेडसरांनी नेमकं प्रधानसाहेबांना बोलावलं, ते शाळा कमिटीवर होते. मी हरकत घेतली नाही. खरं सांगतो, मला त्या माणसाला सगळ्यांसमोर चटका द्यायचा होता. किंचाळताना बघायचं होतं.

"शाळा जाळू नकोस रे बाबा!" हेडसर म्हणाले. सगळे हसले. कॉइल छान चालली. मग मी प्रधानांच्या हातात ट्यूब दिली. "या साहेब, अजून जवळ या."

"रोज अकरा हजार व्होल्ट सांभाळतो आम्ही. हे तर खेळणं आहे."

तेवढ्यात ठिणगी अडखळायला लागली. ठिणगी जिथे उडते त्या गॅपचा स्क्रू ढिला झाला होता. हात सवयीने चालले – फ्यूज काढला, खिशात टाकला, बाटल्यांतला उरलेला करंट अर्थिंगच्या दांडीने जमिनीत उतरवला आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन वाकलो.

वरून प्रधान हळूच म्हणाले, "सावकाश. घाईत भावासारखं करशील."

आणि हॉल एकदम शांत झाला. मी वर पाहिलं. त्यांच्या हातातली ट्यूब पेटली होती. आमची नेहमीची मिणमिणती नव्हे... पांढरीशुभ्र. कॉइल बंद. ठिणगी नाही, आवाज नाही.

"बंद कर!" प्रधान ओरडले. "बोटं सुटत नाहीत! फ्यूज काढ, फ्यूज!"

मी फ्यूज खिशातून काढून त्यांच्यासमोर धरला. "हा काय. खिशातच आहे."

त्यांचा चेहरा ओला झाला होता. फ्यूजकडे बघत ते म्हणाले, "त्याच्याही खिशातच होता रे... प्लांट थांबला होता, वरून फोनवर फोन... मला वाटलं त्याचं काम झालंय. मी दुसरा लावला. नंतर खिशातला काढून घेतला."

ट्यूब विझली. हातातून सुटून फुटली.

हेडसरांनी तिथेच ते सगळं लिहून काढलं. कोरा कागद सापडेना, म्हणून आमच्याच पत्रकाच्या पाठीमागे. पुढच्या बाजूला ठळक छापलं होतं – चमत्कारावर विश्वास ठेवू नका. प्रधानांनी सही केली. पुढे रिपोर्टातलं ते वाक्य गेलं. वहिनीने नवा रिपोर्ट माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाली, "आता जेवा."

त्यानंतर तीच कॉइल, तोच हॉल, तशीच ट्यूब घेऊन मी कितीतरी वेळा प्रयोग केला. फ्यूज काढल्यावर ट्यूब कधीच पेटली नाही. कुणाकडे खुलासा असेल तर जरूर कळवा, मी ऐकेन.

पण एक कबूल करतो. कॉइलचा प्लग भिंतीत तसाच होता, माझ्यापासून दोन पावलांवर. विज्ञान मानणाऱ्याने आधी तो उपटून बघायचा. मी बघितला नाही. ते ओरडत होते आणि मी हातात फ्यूज धरून उभा होतो... ती ट्यूब इतक्यात विझू नये, एवढंच मला वाटत होतं.