चुकून सांडलेली शाई

बोरखडीच्या विहारात दरवर्षी चौदा ऑक्टोबरला वंदना झाली, खीर वाटून झाली, की माईक सहादूनानांच्या हातात जायचा. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, निम्मे दात गेलेले, पण आवाज असा की माईकची गरजच नव्हती. गोष्ट ठरलेली. ऐकणाऱ्यांना पाठ. तरी पोरं पुढं सरकून बसायची.

सहादू हा त्यांच्या आळीतून शाळेत गेलेला पहिला पोरगा. सत्तेचाळीस साली नाव घातलं. बसायची जागा वर्गाबाहेर, उंबऱ्याला लागून. सातवी केली ती तशीच, बाहेर बसून. मग छप्पन्न साल आलं. आळीनं धर्म बदलला, घराघरातले देव टोपल्यांत भरून नदीला सोडले. सोळा वर्षांचा सहादू नदीवरून घरी न जाता थेट शाळेत गेला. दाखला मागायचं निमित्त केलं. गुरुजी रजिस्टर उघडून पाणी प्यायला उठले. सहादूनं आपली ओळ शोधली. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, आणि पुढच्या रकान्यात जुन्या जातीचं नाव. त्यानं टाक दौतीत बुडवला आणि तो एक शब्द काळा करून टाकला.

"टाक गुरुजींचा," नाना सांगायचे.

"दौत बी गुरुजींचीच," पोरं एका सुरात म्हणायची.

"गुरुजी आले, पाह्यलं. मला वाटलं, आता बसती कानफाडीत. तर त्यांनी वही मिटली अन् म्हन्ले, जा आता. मी म्हन्लं, जातो, पर त्यो सबुद हितंच मेला."

टाळ्या पडायच्या. मिरवावं असं नानांपाशी तेवढं एकच होतं. बाकी आयुष्य म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात फोडलेली खडी, आणि पुढं नगरजवळच्या नागापूरच्या एका कारखान्याच्या गेटवर बावीस वर्षं वॉचमनकी. साहेबाच्या गाडीला सलाम ठोकत नाही म्हणून दोनदा घालवलं. दोनदा परत बोलावलं, कारण ड्यूटीवर डोळा न लागणारा दुसरा माणूस सापडेना.

मुलगा भीमराज नागापुरातच प्रेस मशीनवर लागला आणि भीमराजची दीपा नगरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाली. शेवटच्या वर्षाला कॉलेजात 'परदेशी शिक्षणाच्या संधी' असा कार्यक्रम झाला होता. सूट घातलेला एक माणूस पडद्यावर बर्फ दाखवत होता, जुने किल्ल्यासारखे कॉलेजवाडे दाखवत होता, हिरवळीवर बसून हसणारी पोरं दाखवत होता. स्वप्नं मोठी बघा म्हणाला. चहा-बिस्कीट घेऊन पुण्याला गेला. दीपानं मात्र ते मनावर घेतलं. जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास शिकवणारं इंग्लंडातलं एक विद्यापीठ तिनं मोबाईलवर शोधलं. खाली वर्कशॉपचा ठणठणाट म्हणून खोलीबाहेरच्या गच्चीवर छत्री धरून ऑनलाइन मुलाखत दिली. जागा मिळाली. फी आणि विमानाचं तिकीट सरकारच्या योजनेतून मिळणार होतं. अट एकच, जात पडताळणीचं प्रमाणपत्र पंधरा जूनच्या आत.

त्या सूटवाल्याच्या पडद्यावर सगळं होतं, पन्नास सालाच्या आधीचा कागद तेवढा नव्हता. पडताळणीला 'बौद्ध' लिहून भागत नाही. धर्म बदलायच्या आधी गाव तुम्हाला काय म्हणत होतं, त्याचा लेखी पुरावा आणा, तोही गावानंच लिहून ठेवलेला. ज्यांनी उंबऱ्याबाहेर बसवलं, त्यांचीच नोंद तुमच्या कामाची. तहसिलातल्या जुन्या वहीची त्या काळातली पानं हात लावताच भुगा झाली. उरलं शाळेचं रजिस्टर.

फेब्रुवारीत दिलेल्या अर्जाची चौकशी करायला दक्षता पथकाचे साहेब उगवले मेच्या मध्यावर. मुख्याध्यापक राजेश्वरी मॅडमनी कपाटातून रजिस्टर काढलं. भीमराज आणि दीपा बाकावर. नाना धोतर झटकून, काठी टेकून, सगळ्यांत पुढं सरकून बसलेले. साहेबांनी पान उलटलं, थांबले, आणि ते पान खिडकीच्या उजेडाकडं धरलं. सदुसष्ट वर्षांच्या डागाखालचा शब्द उजेडात साफ दिसत होता.

"नोंद वाचता येतेय," साहेब म्हणाले. "पण ही खाडाखोड कुणाची?"

दीपानं नानांचा हात दाबला. कुणाची का असेना, वाळवी म्हणा, पावसाचं पाणी म्हणा, मॅडमसुद्धा तेच सुचवायला तोंड उघडत होत्या. नाना उभे राहिले.

"माजी. ह्या हातानं. दौत बी गुरुजींचीच हुती."

साहेबांनी हसून मान हलवली आणि शब्द न् शब्द लिहून घेतला. अहवालात आलं, 'अर्जदाराच्या आजोबांनी मूळ नोंदीत स्वतः फेरफार केल्याचे मान्य केले आहे.' फाईल अडकली.

पडताळणी समितीच्या ऑफिसातले क्लार्क अमृत भाऊसाहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी भीमराजला बाजूला घेतलं. "आजोबांकडून प्रतिज्ञापत्र आणा. शाई चुकून सांडली, एवढंच. चार ओळी. साहेब फाईल सोडतील."

भीमराज त्याच दिवशी बोरखडीला गेला.

"नाना, चार ओळी हायेत."

"चुकून?"

"नुसतं लिहायचंय."

"मी चुकून खोडलं व्हय रं? माजा सगळा जलम चुकून झाला म्हन की मग."

"पोरीचा जलम हाय हितं. तुमचा झाला जगून."

"म्हंजी मी मेल्यावं लिव्हून घे," नाना म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

अकरा दिवस असे गेले. रोज भीमराजचा फोन, रोज नानांचं तेच. दीपानं एकदाही फोन केला नाही. तिनं मागितलं असतं तर नाना भांडले असते, आणि भांडता भांडता कदाचित हो म्हणाले असते. ती मागत नव्हती, हेच त्यांना खुपत होतं.

बाराव्या दिवशी ते न सांगता एसटीनं नागापूरला आले. भीमराज कामावर, दीपा झेरॉक्सला गेलेली. पत्र्याची खोली भट्टीसारखी तापलेली, आणि त्या भट्टीत खिळ्याला एक जाड लोकरीचा कोट. बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगातून आणलेला. एक बटण नव्यानं, वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलेलं. नानांनी कोटाची बाही हातात धरली. बराच वेळ धरली. दीपा आली तेव्हा ते म्हणाले, "चल. कुठं सही करायचीय ती दाव."

कोर्टाबाहेरच्या पत्र्याखाली टायपिस्टानं मजकूर तयार केला. नानांनी तो मोठ्यानं वाचायला लावला.

"...माझ्या हातून अनवधानाने शाई सांडली..."

"अनवधानानं म्हंजी?"

"म्हणजे चुकून, आजोबा. लक्ष नव्हतं तुमचं."

"लक्ष तर लई हुतं," नाना म्हणाले. टायपिस्टाला वाटलं, म्हातारा विनोद करतोय. त्यानं शाईचं पॅड पुढं सरकवलं.

"अंगठा इथं."

"पेन द्या," नाना म्हणाले.

पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, एकही काना न चुकवता लिहिलं. दीपा दुसरीकडं बघत होती.

त्यानंतर साहेब प्रशिक्षणाला गेले. मग सुनावणीची तारीख पडली, मग ती पुढं गेली. प्रमाणपत्र आलं चोवीस जूनला. योजनेची खिडकी पंधराला बंद झालेली. नऊ दिवसांचा उशीर. नाना अडले होते अकरा दिवस.

"पुढच्या वर्षी करा की," अमृत भाऊसाहेब म्हणाले. विद्यापीठानं कळवलं की जागा राखून ठेवता येणार नाही, नव्यानं अर्ज करावा. भीमराज बापाशी बोलेनासा झाला. दीपा बोलली.

"नाना, ऑफिसनं महिन्यामागं महिने फाईल दाबून ठेवली. तुमचे अकरा दिवस काय घेऊन बसलाय."

"त्यांचं त्यांनी बघावं. अकरा माजे हायेत. मी माजं बोलतोय."

ते प्रमाणपत्र भीमराजनं लॅमिनेशन करून आणलं. नानांनी सोळाव्या वर्षी खोडलेला शब्द आता दीपाच्या नावापुढं, गोल शिक्क्यासकट, प्लॅस्टिकच्या आत. आता त्यावर कुणी शाई ओतली तरी पुसता येईल. दीपा नागापूरच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर गेट पास बनवते. पुढच्या वर्षी बघू, म्हणते. म्हणताना मोबाईलकडं बघते. कोट तिनं परत त्याच बाजारात देऊन टाकला.

यंदाही चौदा ऑक्टोबर आला. वंदना झाली, खीर झाली. पोरं पुढं सरकली. विहाराचं सगळं बघणारा गोरक्ष माईक घेऊन नानांपाशी आला.

"नाना, होऊ द्या. शाळंची गोष्ट."

नानांनी माईक घेतला. घसा खाकरला. पोरं दौतीची वाट बघत होती.

"गोष्ट न्हाई त्यात काई," नाना म्हणाले. "शाई चुकून सांडली हुती. माजं लक्ष नव्हतं."

गोरक्ष हसला. मग कुणीच हसत नाही म्हणून थांबला. "नाना, गंमत करता का काय?"

"गंमत न्हाई, बाबा. स्टॅम्पावर लिव्हून दिलंय. खाली माजी सही हाय. अंगठा न्हाई, सही."

त्यांनी माईक गोरक्षच्या हातात ठेवला आणि काठी शोधू लागले.