भिकाजीच्या पाचटातला नाग

परंदवडीचा भिकाजी दोनच गोष्टींना भ्यायचा. एक बायको आणि दुसरी पेटती काडी. बायकोचं भय लग्नापासूनचं, काडीचं गेल्या सालचं.

झालं होतं असं, की ऊस गुऱ्हाळावर गेला आणि रानात वाळल्या पाल्याचं पाचट उरलं. ते पेटवून द्यायचं ही गावाची रीतच. भिकाजीनं पेटवलं आणि त्याच काडीवर बिडी शिलगावायला पाठ फिरवली. तेवढ्यात वाराही फिरला. शेजारचा हनुमंत देहूरोडच्या लष्करी डेपोतल्या कामावरून सायकल मारत घरी आला, तर त्याच्या भाताच्या पेंढ्याची गंजी जागेवर नव्हती. तेव्हापासून भिकाजी पारावर टेकला, की हनुमंत ओरडायचा, "काड्याची पेटी लपवा रं, आगलाव्या आला!"

पुढल्या साली पाऊसच रुसला. नदीकाठचा भिकाजीचा दहा गुंठे ऊस कसाबसा निघाला आणि पुन्हा पाचट पेटवायची वेळ आली. हातात काडी, पण भिकाजी नुसता वाराच बघत राहिला. बांधावरून बायको पुतळाबाई म्हणाली, "अवो, पेटवताय का मी यिऊ?"

"नगं नगं!" भिकाजीच्या तोंडून निघून गेलं, "आत नाग हाय!"

पुतळाबाईनं जागच्या जागी हात जोडले. "आगं बाई! राखणदार हाय त्यो आपला. ऱ्हाऊ द्या तसंच."

सुटलो म्हणून भिकाजीनं बिडी काढली, पण सुटका कसली! नागाला सावली हवी म्हणून पुतळाबाईनं सगळं पाचट त्याच्याकडून सरीत पसरून घेतलं. वाऱ्यानं ते उडून हनुमंताच्या कांद्यात जाऊ लागलं, तेव्हा वरून शेण-पाण्याचा शेणकाला शिंपायला लावला. आणि रोज सकाळी वाटीभर दूध बांधावर. घरात म्हैस एक, त्यामुळं भिकाजीच्या नशिबी कोरा चहा आला. दोन दिवस त्यानं सोसलं. मग बायको वळली, की नागाची वाटी तोच रिकामी करू लागला. पुतळाबाई रिकामी वाटी पाणवठ्यावर मिरवायची. "सगळं पितो बायांनो, थेंब ठिवत न्हाई!"

उन्हाळा तापला. नदीचा डोह आटून डबकं झालं, पाणी उपसायच्या इंजिनाला पाळ्या लागल्या. तोडल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेला सगळ्यांचा खोडवा पिवळा पडला, हनुमंताचा तर वाळायलाच लागला. भिकाजीचा मात्र हिरवागार, फुटव्याला फुटवा. भिकाजी स्वतःच चक्रावला. पाचट उचकून बघतो तर खाली काळी ओल, गांडुळं वळवळतायत, माती तव्यासारखी तापलेलीच नाही.

एके दिवशी दुपारी हनुमंत आला. मागं बायको नंदाबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन आणि आणखी चौघं दाताळी नि एक टोपली घेऊन.

"भिका, झालं गेलं इसर. चार दिस तुजा नाग आमच्या रानात धाड."

"नाग काय बैल हाय व्हय, सावडीला धाडायला?"

"तू बस. आमी काढतो." हनुमंतानं दाताळं घातलं आणि पाचटाचा भारा ओढून काढला. ओली माती उन्हात उघडी पडली. सगळं उचकलं तर हा ऊसही हनुमंताच्या उसासारखा वाळणार. भिकाजी धावत गेला आणि सरीत पालथा पडला.

"हितं नाग न्हाई! म्या खोटं बोललो! काडीला भ्यालो म्हनून बोललो!"

नंदाबाई म्हणाली, "बगा की! राखणदाराचा ठाव कुणी सांगतं व्हय? लय धोरणी मानूस."

"आगं न्हाई ना!" भिकाजीनं खांद्यापर्यंत हात पाचटात खुपसला. "हे बग!"

"बगितलंत?" नंदाबाईनं गाल थोपटून घेतले. "तेला डसत बी न्हाई."

भिकाजीनं मूठभर माती हनुमंताच्या तळहातावर ठेवली. "भाऊ, ही वल बग. पाणी तुज्याइतकंच देतो. वरून झाकलंय म्हनून वल टिकली."

हनुमंतानं माती दाबली, हुंगली. "वल तर हाय. नाग वलीलाच यायचा."

आता मात्र भिकाजीनं हात टेकले. "बरं, ऐक. धरून नेलेला नाग टिकत न्हाई, बोलवावा लागतो. हितनं फुडं पाचट जाळू नगा. सरीत पसरा, वर शेणकाला मारा. सावली झाली का आपसूक यील."

"आन् यंदा? आमचं जाळून झालंय."

"बांधावरचं वाळलं गवत टाक. न्हाईतर भाताचा पेंढा..."

"पेंढ्याचं नाव काढू नगंस!" हनुमंत कडाडला. पण जाताना त्यानं ओढलेला भारा स्वतःच्या हातानं सरीत परत पसरला, आणि घरी जाऊन बांधावरचं गवत कापायला लागला.

पुढल्या साली ऊस निघाले, पण परंदवडीत धूर काही दिसला नाही. नाग कुणाच्या रानात उतरला यावरून पारावर भांडणं मात्र झाली.

हनुमंत नाग मागायला आला त्या दुपारचीच गोष्ट. मंडळी गेल्यावर पुतळाबाईनं भिकाजीपुढं दुधाचा चहा ठेवला. तो दचकला. "आन् नागाला?"

"नाग काय मिशीला साय लावून घरी येतो?"

भिकाजीचा हात मिशीवर गेला. "तुला ठावं हुतं? मंग गप का ऱ्हायलीस?"

"तुमच्या हातात काडी बगून माजंच काळीज पानी पानी झालतं," पदरानं हसू दाबत पुतळाबाई म्हणाली. "म्हनलं, नाग तर नाग. ह्या खेपंला हनुमंतभावजींचं घर तरी वाचलं."