रविवारच्या लख्ख गायी

नात झाली आणि नौपाड्यातल्या श्रीपाद बर्व्यांनी पिशवीच्या दुधाशी काडीमोड घेतला. आयुष्यभर विमा कचेरीत दुसऱ्यांच्या जोखमी मोजलेला माणूस. ऋजुताच्या पोटात काही भलतंसलतं जाईल, या नुसत्या विचाराने त्यांना घाम फुटायचा. कल्याणच्या पुढे सुदेशचा गोठा होता. देशी गायी, काचेच्या बाटल्या, आणि दर रविवारी गिऱ्हाइकांना गोठा बघायला मुक्तद्वार. श्रीपादरावांनी दूध लावलंच, वर अख्ख्या सोसायटीला लावायला लावलं. जिन्यात कोणी भेटलं की आधी दुधाचा विषय, मग तब्येतीचा.

रविवारी आजोबा आणि नात गोठ्यावर जात. तपासणी म्हणजे अशी, की गव्हाण बघायची, शेणसुद्धा बघायचं. गायींच्या पत्रिका तेवढ्या मागायच्या राहिल्या होत्या. एकदा लक्ष्मी नावाच्या गायीच्या कानामागे त्यांना गोचीड दिसली. झालं! गाडीत बसायच्या आत फोटो सोसायटीच्या ग्रुपवर, खाली सवाल: 'आपण नक्की काय पितो आहोत?' लगेच काहींनी दूध बंद केलं. सुदेशने येऊन हात जोडले. पुढच्या रविवारपासून गायी लख्ख, अंगावर माशी बसेना. हे यश कोणाचं, याबद्दल श्रीपादरावांना शंका नव्हती. 'ग्राहक जागरूक हवा' यावर त्यांनी ग्रुपला पुढे बरंच सोसायला लावलं.

परवाच्या रविवारी ऋजुताने लक्ष्मीच्या मानेला मिठी मारली. तिला उचलून घेताना फ्रॉकला उग्र वास आला, ढेकणांच्या औषधासारखा.

"सुदेश, हा वास कसला रे?"

"गोचिडीचं औषध, साहेब!" सुदेशची छाती फुगली. "दर शनिवारी मारतो. तुम्ही तो फोटो टाकलेला ना, तेव्हापासून. आता एक गोचीड दाखवा, बोला!"

औषधाची बाटली फळीवरच होती. श्रीपादरावांनी चष्मा सावरून वाचलं. फवारल्यावर तीन दिवस दूध वापरू नये, असं छापलं होतं.

"मग रविवारचं दूध?"

"तुमच्याच घरी येतं ना. फेकत बसलो तर गोठा बंद करावा लागेल. आणि नाही मारलं तर तुम्ही फोटो टाकणार."

"उकळल्यावर जात असेल ना?" त्यांनी विचारलं, आणि विचारतानाच त्यांना कळलं, की हे काही जंतू नव्हेत.

परतताना ऋजुता मागे गाणी म्हणत होती. पोरीच्या पोटात रविवारमागून रविवार जे गेलं, ते आपणच फोटो काढून मागवलं, हे श्रीपादरावांना सहन होईना. घरी त्यांच्या बायकोने, सरोजताईंनी, सगळं ऐकून घेतलं, दुधाची बाटली मोरीत रिकामी केली आणि म्हणाल्या, "आधी पोरीसाठी पिशवी आणा. मग ग्रुपवर लिहा. बाकीचीही लेकरंच आहेत."

श्रीपादरावांनी डेअरीच्या रांगेत उभं राहून लिहिलंही. मग खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. जागरूक ग्राहकाने स्वतःबद्दल असं काय लिहायचं?

जिन्यात तळमजल्यावरची समीक्षा भेटली. कडेवर मुलगा, हातात काचेची बाटली.

"काका, तुमच्यामुळे याला एवढं चांगलं दूध मिळतं हं!"

श्रीपादरावांनी कठडा धरला. बोलायला तोंडही उघडलं.

"नीट उकळून देत जा," ते म्हणाले, आणि पिशवीचा हात त्यांनी हळूच पाठीमागे नेला.