मुठीखालची काच

रूपाला धनुष्य करता येतं हे पुसेगावजवळच्या त्या तांड्यावर झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तसं कुणी म्हणत नव्हतं. म्हणायची वेळ आली की लोक "रणजीतचं धनुष्य" म्हणत. रणजीत म्हणजे रूपाचा नवरा. तो पुसेगाव-हिंगोली टमटम चालवायचा. धनुष्याशी त्याचा संबंध एवढाच, की ते टपाला बांधून मेळाव्याला न्यायचं, फोटोत धरायचं आणि परत आणायचं. हेही काम सोपं नाही. फोटोत हसू बराबर यावं लागतं.

विद्या खरी सासऱ्याची, फुलसिंगची. तरुणपणी त्यानं केलेल्या धनुष्यांनी टेकडीखालच्या ज्वारीतून रानडुकरं पळायची. बोथट तीर एकदा ढुंगणावर बसला की डुक्कर महिनाभर त्या बांधाकडं बघत नसे, असं फुलसिंग सांगायचा. डुकरांची बाजू अजून कुणी ऐकलेली नाही. पुढं शेतांना तारा आल्या आणि धनुष्यं मेळाव्यांत गेली. आपल्यामागं हे बुडू नये म्हणून फुलसिंगनं रणजीतला अंगणात शिकायला बसवलं. रणजीत बसला. मोबाईल घेऊन बसला.

रूपा तेव्हा नवी सून. त्या घरात जुनी रीत अजून कडक होती. सून सासऱ्यासमोर तोंड उघडं टाकत नाही, सासरा सुनेशी सरळ बोलत नाही, तिचं नावही घेत नाही. म्हणून रूपा डोक्यावरची ओढणी पुढं ओढून, सासऱ्याकडं पाठ करून तिथंच तूर पाखडत बसायची. आणि ऐकायची. धामणाच्या लाकडावर फुटक्या काचेचा तुकडा फिरवून ते तासतात. लाकूड जाड असलं की खर्र वाजतं, बेताचं झालं की सुस्कारा टाकल्यासारखं. वर्षभरात तिला पाठमोरीच कळायला लागलं की लाकूड कुठं जास्त राहिलंय.

एके दिवशी फुलसिंग पाणी प्यायला आत गेला, रणजीत फोनवर बोलत बांधापर्यंत गेला. रूपानं सूप खाली ठेवलं आणि काच उचलली. फुलसिंग परत आला तेव्हा ती पुन्हा तुरीशी. त्यानं लाकडावरून अंगठा फिरवला, थांबला, पुन्हा फिरवला. मग बायकोला हाक मारली.

"मिरा, ज्यानं कुनी हात लावला त्याला म्हनावं, खालच्या टोकाला अजून चार हात मार."

त्या दिवसापासून शाळा सुरू झाली. मिराबाई मधली निरोप्या. ती पाण्याला गेली असली की फुलसिंग खुंट्याच्या शेळीला सांगायचा.

"शेळे, धामण पाचर ठोकून फाडावं. करवत लावू न्हाई. करवतीला झाडाची रेघ कळत न्हाई."

"शेळे, पाठीवरची एक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग ऱ्हायली पायजे. तुटली तिथंच मोडलं समज."

"काम झालं की दोरी उतरव, शेळे. ताणून टांगलेलं धनुष्य वाकून बसतं, मग ती नुसती काठी."

"आन् ध्यानात ठेव. तीर लावल्याबिगर दोरी कदी सोडायची न्हाई. तीर असला तर जोर तो घेऊन जातो. न्हाई तर सगळा दणका लाकडालाच."

हे सगळं गोरमाटीत, म्हणजे तांड्याच्या बंजारा बोलीत. मराठीत त्याचा जोर निम्मा होतो. पण एवढी शिकलेली शेळी साऱ्या सेनगाव तालुक्यात नव्हती, हे कोणत्याही भाषेत खरं.

रूपाची पहिली तीन धनुष्यं मोडली. त्यांच्यावर भाकरी भाजल्या. चौथं टिकलं, आणि ते रणजीतचं झालं. पाचवंही. अशी नऊ वर्षं गेली.

या वर्षीचं धनुष्य मात्र वेगळं होतं. धामण त्यांच्याच बांधावरचं, चुलीच्या वर धुरात तीन वर्षं वाळलेलं. शेतातून आल्यावर भाकरीआधीचा वेळ घालून चार महिने तिनं ते तासलं. भिंतीतल्या खुंटीला आडवं टांगून दोरी खाली ओढायची आणि दोन्ही अंगं सारखी वाकतात का बघायचं. फुलसिंग लांब बाजेवर बसून शेळीला सांगायचा, "डावं अंग आळशी हाय." रूपा डावं अंग तासायची. शेवटी एकदा त्यानं बराच वेळ पाहिलं आणि शेळीला काहीच सांगितलं नाही. नऊ वर्षांतली ही पहिली शाबासकी.

तालुक्याच्या मेळाव्याला ते न्यायचं ठरलं, तेव्हा रूपा नवऱ्याला म्हणाली, "माईक हातात आला की माझं नाव घ्या."

"घेतो ना."

"मागच्या बारीला बी घेतो म्हनले होते."

"मागच्या बारीला माईक खराब होता."

"तुमचं नाव तर पार मागपर्यंत ऐकू आलं."

"तू लई बारीक धरून बसती बुवा. घेतो म्हनलं ना!"

नवऱ्याच्या शब्दावर रूपाचा भरवसा किती, तर तिनं आपल्या लग्नातल्या कांचळीवरची, त्या आरसे जडवलेल्या चोळीवरची, नखाएवढी काच उसवून काढली. धनुष्याच्या मुठीच्या पोटाला, जिथं लाकूड सगळ्यात जाड असतं आणि वाकतच नाही, तिथं काचेपुरती खाच केली, डिंकानं काच बसवली आणि वर चामडं गुंडाळलं. कुणाला दिसणार नव्हती. पण होती.

मेळाव्याला मांडव भरला होता. फुलसिंग मुंडासं बांधून पहिल्या रांगेत, रूपा मिराबाईजवळ मागं बायकांत. रणजीतनं माईक घेतला. "ही आमच्या घराण्याची कला. माझे बापू फुलसिंग यांच्याकडून मी लहानपणापासून..." रूपा ओढणीआडून पुढं वाकली. रणजीत म्हणाला, "आणि..." आणि थांबला. मिराबाईनं सुनेला कोपर मारलं.

"आणि प्रमुख पाहुण्यांनी हे एकदा हातात धरावं, अशी विनंती करतो."

पाहुण्यांनी धरलं. गळ्यात हार, अंगात उत्साह. फोटोवाला ओरडला, "साहेब, जरा ओढा की!" साहेबांनी दोरी कानापर्यंत ओढली. तीर नव्हता. फुलसिंग खुर्चीतून अर्धा उठला.

"सोडू नका!" रूपा ओरडली. सासऱ्यासमोर एवढा आवाज तिनं जन्मात काढला नव्हता. सगळ्या बायकांनी तिच्याकडं पाहिलं. पाहुण्यांनी कॅमेऱ्याकडं पाहिलं आणि दोरी सोडली.

फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. धनुष्य मुठीच्या वीतभर वर मोडलं, चीर मुठीत उतरली, चामडं उसवलं आणि स्टेजच्या लाल सतरंजीवर एक काच पडून चमकायला लागली.

"लाकूड कच्चं होतं का हो?" पाहुणे हात झटकत म्हणाले. त्यांना काही लागलं नव्हतं.

संयोजक रामप्रसाद यांनी काच उचलली. "आन् हे काय? धनुष्यात काच?"

रणजीतनं काच ओळखली. लग्नात त्यानं ती कांचळी पाहिली होती. त्यानं माईक तोंडाशी नेला, आणि या बारीला माईक अगदी ठणठणीत होता.

"साहेब, हे धनुष्य मी न्हाई केलं. माझ्या बायकोनं केलं. रूपानं. रूपा रणजीत आडे. तिनं आत खाच पाडली, मला सांगितलं न्हाई. बायामाणसाचं काम, माफी असावी."

भोंगे बाजारपेठेपर्यंत लावलेले होते. जिलेबीवाल्यापासून कटिंगवाल्यापर्यंत सगळ्यांना तिचं नाव स्वच्छ ऐकू गेलं. धनुष्य धड होतं तोवर रणजीतचं होतं.

पाहुणे फुलसिंगकडं वळले. "बाबा, तुम्ही जाणकार. त्या खाचेमुळंच मोडलं ना?"

फुलसिंगनं तुकडा हातात घेतला. त्याच्या अंगठ्याला असली गोष्ट कळायला क्षण पुरतो. तो कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिला. त्यानं हाराकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं. मागं बायकांकडं पाहिलं नाही. मग म्हणाला, "लाकूड हाय, साहेब. धोका देतंय कदी कदी."

पाहुणे दिलदार. महिलांना प्रोत्साहन मिळालं पाहिजे असं बोलले, आणि वातावरण बिघडू नये म्हणून ठरलेली शाल रणजीतच्या खांद्यावर घालूनच गेले.

परतीला मोडके तुकडेही टमटममध्ये आले. तांड्याच्या वळणावर रणजीतनं आरशातून मागं पाहिलं. "तोंड काहून पाडलं? तूच म्हनली होती ना, नाव घ्या?"

सकाळी फुलसिंग मोडके तुकडे घेऊन अंगणात बसला होता. रूपा आली आणि समोर बसली. पाठ करून नाही, समोर. फुलसिंगनं मान खाली घातली आणि शेळीकडं वळला.

"शेळे, रेघ सलग हाय. खाच मुठीत, मोड वीतभर वर. खाचेचा काही संबंध न्हाई. रिकामी दोरी सोडली म्हनून गेलं."

रूपानं ओढणी मागं टाकली. "शेळीला काय सांगता, बापू? शेळी मेळाव्याला नव्हती. तुमी होते. हे तिथं काहून न्हाई म्हनले?"

आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला. फुलसिंगनं तुकडे जुळवून पाहिले, पुन्हा खाली ठेवले. मग मान वर करून सुनेकडं पाहिलं.

"पावना होता, रूपा," तो म्हणाला.

नऊ वर्षांत त्यानं तिचं नाव पहिल्यांदा घेतलं. रूपा उठली आणि शेळीला चारा टाकला.

पंधरा दिवसांनी रणजीत खुशीत घरी आला. "रामप्रसाद म्हनून राहिले, पुढच्या मेळाव्याला दुसरं आना. चुलीवर एक धामण हाय ना तिसऱ्या वर्षाचं? घे करायला. आन् या बारीला काच-बीच घालू नको, बराबर कर."

त्यानं चुलीच्या वर पाहिलं. धुरानं काळा झालेला आडवा वासा होता, त्यावर धामण नव्हतं.

हळद काढायचे दिवस होते. दाराशी रूपाची कुदळ टेकवलेली होती. तिला नवा दांडा होता, काचेनं तासून गुळगुळीत केलेला, पाठीवर एकच रेघ सलग. पुरुषभर उंचीचं लाकूड तोडून कमरेएवढं केलेलं. आणि टोकाला, चामडं नाही, झाकण नाही, उघडी बसवलेली कांचळीवरची आणखी एक नखाएवढी काच.

"तीन वर्षं वाळवलेलं लाकूड!" रणजीत ओरडला. "बापू, बघा हिनं काय केलं!"

फुलसिंगनं दांड्यावरून अंगठा फिरवला आणि कुदळ होती तशी टेकवून ठेवली. शेळीलाही काही बोलला नाही.

"लई चांगला दांडा झाला," रूपा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रणजीतच बायकांना टमटमनं हळदीच्या वावरात सोडायला गेला. उतरताना कुदळींची सरमिसळ झाली. शेतमालकीण रुख्मिणीबाई वाटून देत होत्या. एक उचलून त्यांनी उन्हात धरली. काच डोळ्यांवर आली तशी त्यांनी मान फिरवली.

"ही काचवाली कुनाची गं?"

बायका खाली उतरत होत्या. उत्तर रणजीतनं दिलं, गाडी चालूच ठेवून, मागं न बघता.

"रूपाची."